टँकरमध्ये तेल भरताना: वाहत्या द्रवात चार्ज येतो कुठून आणि जातो कुठे?

मनमाडकर

डेपोत टँकर भरायला घेतला की सुरुवातीला तेल अगदी संथ सोडतात. मागे गाड्यांची रांग लागलेली असते, ड्रायव्हर-क्लीनर वैतागलेले असतात, तरी आर्मचं (टँकरमध्ये तेल सोडणाऱ्या नळीचं) तोंड तेलात बुडेपर्यंत वेग वाढवत नाहीत. भरून झाल्यावरही लगेच डिप रॉड (पातळी मोजायची दांडी) घालू देत नाहीत. का, असं विचारलं तर "स्टॅटिक होतं" एवढं उत्तर बहुतेकांना पाठ असतं. आणि त्याला जोडून दुसरं वाक्य हमखास येतं, "पण अर्थिंग लावलंय की!" माझी सगळी नोकरी तेलाच्या टर्मिनलवर झाली, त्यातली बरीच वर्षं लोडिंग गॅन्ट्रीवर, म्हणजे टँकर भरायच्या जागी. या दुसऱ्या वाक्याची मला कायम भीती वाटत आली आहे. म्हणून हा धागा.

अर्थिंग होतं ते टँकरच्या लोखंडाचं. आतल्या तेलाचं होत नाही. तेलातला चार्ज आपल्या गतीने भिंतीपर्यंत पोचतो, तेव्हाच जमिनीत जातो. अर्थिंगची क्लिप लावली म्हणून तो भिंतीपर्यंत लवकर पोचत नाही.

तो येतो कुठून? पेट्रोल, डिझेल, केरोसीन कितीही स्वच्छ असलं तरी त्यात आयन देणारी अशुद्धी अत्यल्प प्रमाणात असतेच. तेल पाइपात नुसतं उभं असतं तेव्हाच यातले एका जातीचे आयन पाइपाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि विरुद्ध जातीचे त्यांच्यासमोर, तेलात, भिंतीलगत जमा होतात. बेरीज शून्य, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. याला विद्युत द्विस्तर म्हणतात. पंप सुरू झाला की भिंतीला चिकटलेले जागेवर राहतात आणि समोरचे प्रवाहाबरोबर निघून जातात. मागे राहिलेला चार्ज पाइपाच्या अर्थिंगमधून जमिनीत उतरतो. तेलाबरोबर निघालेला टँकरमध्ये जाऊन पडतो.

पाण्यातही हेच घडतं. पण नळाच्या पाण्यात वेगळा झालेला चार्ज परत भिंतीला मिळायला सेकंदाचा कोटीवा भागही लागत नाही. तेलाची वाहकता इतकी कमी असते की ती पिकोसीमेन्स प्रति मीटरमध्ये मोजावी लागते. पिको म्हणजे एकावर बारा शून्यं, तितकावा भाग. पेट्रोलियम पदार्थांसाठी गणित तोंडी करता येतं: १८ ला या वाहकतेने भागा, उत्तर सेकंदात येतं. तेवढ्या वेळात मूळ चार्जचा साधारण ३७ टक्के भाग उरतो. वाहकता ५० असेल तर वेळ ०.३६ सेकंद, काळजी नाही. वाहकता १ असेल तर १८ सेकंद. पाइपात १ मीटर प्रति सेकंद वेगाने येणारं तेल घनमीटरमागे साधारण ५ मायक्रोकूलोंब चार्ज घेऊन येतं, ५ मीटर वेग असेल तर २५ च्या आसपास. चार्ज येण्याचा वेग जाण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की तो कप्प्यात साठत जातो.

म्हणून सुरुवातीला १ मीटर प्रति सेकंद. चार इंची आर्ममध्ये याचा अर्थ मिनिटाला साधारण ४७० लिटर. तोंड बुडल्यावर वेग वाढवायचा, पण टँकरसाठी वेग (मीटर प्रति सेकंद) गुणिले पाइपचा व्यास (मीटर) ०.५ च्या वर जाऊ द्यायचा नाही. चार इंची आर्मला ही मर्यादा ५ मीटर प्रति सेकंदाला येते. वरून धार पाडत भरणं सर्वांत वाईट: तुषार उडतात, तेही चार्ज घेऊन, आणि वाफ वाढते ती वेगळीच.

पेट्रोलची वाफ पेटायला ०.२ मिलिजूलच्या आसपास ऊर्जेची ठिणगी पुरते. तुम्ही कोरड्या हवेत लोकरीचा स्वेटर काढता तेव्हा बोटाला जी चिमटी बसते, ती याहून कितीतरी मोठी असते.

प्रश्न असतील तर विचारा.

मेधा_क

मनमाडकर काका, फार महत्त्वाचा धागा. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या पुस्तकांत स्थिर विद्युत म्हटलं की काचेची दांडी आणि रेशीम, तिथेच प्रकरण संपतं. मुलांच्या डोक्यात 'घासलं की चार्ज होतो' एवढंच राहतं. तुम्ही जे लिहिलंत, की चार्ज आधीपासून जोडीने बसलेला असतो आणि प्रवाह त्याला फक्त वेगळा करतो, ते समजलं की बाकीचं सगळं आपोआप लागत जातं.

थोडी इतिहासाची भर. १८०९ मध्ये मॉस्कोत रॉइसने ओल्या मातीतून वीज सोडली तेव्हा पाणी सरकताना दिसलं. १८५९ मध्ये क्विंकेने याच्या उलट करून दाखवलं: सच्छिद्र मातीतून दाबाने पाणी ढकललं की दोन टोकांत विद्युतदाब येतो. दोन्हींच्या मुळाशी द्विस्तरच आहे. हेल्महोल्ट्झने १८७९ मध्ये त्याला गणितात बसवलं. पुढे गुई (१९१०) आणि चॅपमन (१९१३) यांनी समोरचे आयन एका रेषेत उभे नसून भिंतीपासून दूर जाताना विरळ होत जातात हे दाखवलं, आणि स्टर्नने १९२४ मध्ये चिकटलेला थर आणि हा विरळ होत जाणारा भाग एकत्र मांडले.

मला स्वतःला सर्वांत आवडतं ते फॅरेडेचं १८४३ चं काम. त्या काळात न्यूकॅसलजवळच्या एका खाणीच्या बॉयलरमधून वाफ गळत होती आणि माणसाला त्यातून शॉक बसला होता. आर्मस्ट्राँगने त्यावरून वाफेवर चालणारं मोठं विद्युतयंत्रच बनवलं. लोक म्हणत, बाष्पीभवनामुळे वीज येते. फॅरेडेने दाखवलं की कोरड्या वाफेतून काहीच मिळत नाही. वाफेबरोबर निघणारे पाण्याचे थेंब तोटीच्या भिंतीला घासून जातात तेव्हाच चार्ज येतो. त्याने त्या पाण्यात किंचित मीठ मिसळलं, आणि चार्ज बंद! पाणी वाहक झालं, वेगळे झालेले आयन लगेच परत मिळाले. टर्पेंटाइनचा अंश मिसळला तर चार्जचं चिन्हच उलटलं. काका, तुमची १८ भागिले वाहकता हीच गोष्ट सांगते.

काच आणि पाणी यांच्याबद्दलही लिहिते. काचेच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्यात ते आपला प्रोटॉन सोडून देतात आणि काच ऋण होते. पाणी बरंच आम्लधर्मी केलं, सामू २-३ च्या आसपास आणला, की हे थांबतं. म्हणजे कुठला पृष्ठभाग कुठल्या चिन्हाचा होईल हे द्रवावरही ठरतं.

प्रवासी_पक्षी

वाचतोय. एक बाळबोध शंका. टँकरच्या मागे साखळी लोंबकळत असते, जमिनीला टेकलेली. ती याच्यासाठीच ना? मग वेगळी क्लिप कशाला?

मनमाडकर

@प्रवासी_पक्षी, शंका बाळबोध नाही, गॅन्ट्रीवरही हाच प्रश्न येतो. साखळी डांबरावर किंवा धुळीवर टेकते, तिचा जमिनीशी संपर्क कसा आहे याचा काही भरवसा नसतो. शिवाय टायरच्या रबरात कार्बन असतो, त्यामुळे गाडीच्या अंगावरचा चार्ज टायरमधूनही हळूहळू जातोच. क्लिपचं काम वेगळं आहे. भरताना आर्म आणि टँकर हे दोन धातू एकाच विद्युतदाबावर असले पाहिजेत, म्हणजे त्यांच्यात ठिणगी उडायला फरकच उरणार नाही. साखळी हे करू शकत नाही.

आणि क्लिप कुठे लावली हे बघावं लागतं. तिचे दात टोकदार असतात ते रंग फोडून पत्र्यापर्यंत जायला. मी एका ठिकाणी क्लिप मडगार्डवर, रंगाच्या तीन थरांवर लावलेली पाहिली आहे. दात घासून गोल झाले होते. मीटर लावला तर जोडणीच नव्हती. गाडी भरत होती आणि सगळे निर्धास्त होते. चांगल्या गॅन्ट्रीवर इंटरलॉक असतो, जोडणी मिळाल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडतच नाही. जिथे नाही तिथे माणसाने बघायचं.

@मेधा_क ताई, फॅरेडेच्या मिठाची गोष्ट मला माहीत नव्हती. हे आमच्या प्रशिक्षणात का नव्हतं, याची चुटपुट लागली. कारण आजही उपाय तोच आहे. विमानाच्या इंधनात लिटरमागे काही मिलिग्रॅम इतकं वाहकता वाढवणारं अ‍ॅडिटिव्ह घालतात. ते घातलेल्या इंधनाची वाहकता विमानात भरताना ५० ते ६०० पिकोसीमेन्स प्रति मीटरच्या मध्ये असावी लागते.

लोटेकर

मी रासायनिक कारखान्यात प्रॉडक्शनला आहे. आमच्याकडे पेट्रोल नाही, टोल्युइन हा द्रावक आहे, आणि मला वाटतं आमची परिस्थिती टँकरपेक्षा वाईट आहे. बंद टाकीत पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की ती पेटण्याच्या वरच्या मर्यादेच्याही वर जाते, हवाच कमी पडते. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते ते) ४ अंश. आपल्या हवामानात टोल्युइनच्या टाकीतली वाफ वर्षभर बरोबर पेटण्याच्या टप्प्यात बसते. वाहकता १ पिकोसीमेन्सच्या खाली. त्यात रिअ‍ॅक्टर काचेच्या अस्तराचा, पाइपांना आतून टेफ्लॉन. म्हणजे चार्जला भिंतीतूनही वाट नाही.

आम्ही नायट्रोजन मारूनच, म्हणजे आतली हवा त्याने हाकलूनच, चार्ज करतो (हा 'चार्ज' म्हणजे माल टाकणं, धाग्यातला नाही), आणि डिप पाइप तळापर्यंत नेला आहे. पण ड्रममधून उपसताना होज वापरतो तिथे शंका आहे. होजच्या आत तार आहे. ती दोन्ही टोकांना जोडलेली आहे का, हे कुणी तपासत नाही.

दुसरं: फिल्टरबद्दल कुणीतरी लिहा. आमच्याकडे रिअ‍ॅक्टरच्या अगदी तोंडाशी कार्ट्रिज फिल्टर बसवायचा घाट घातलाय.

मनमाडकर

@लोटेकर, फिल्टर तोंडाशी बसवू देऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. चार्ज वेगळा होतो तो पृष्ठभागावर, आणि फिल्टरमध्ये पृष्ठभागाशिवाय दुसरं आहे काय? बारीक फिल्टर नुसत्या पाइपापेक्षा दसपट, शंभरपट, कधी त्याहूनही जास्त चार्ज देतो. म्हणून फिल्टर आणि टाकी यांच्यामध्ये द्रवाला किमान ३० सेकंद मिळतील एवढी पाइपाची लांबी किंवा एखादं रुंद पात्र ठेवायची पद्धत आहे. रुंद पात्रात वेग कमी होतो आणि चार्जला भिंत गाठायला वेळ मिळतो. हे पात्र धातूचं, अर्थ केलेलं आणि पूर्ण भरलेलं हवं. आणि टोल्युइनची वाहकता लक्षात घेता ३० सेकंदांवरही मी थांबणार नाही, नायट्रोजन हवाच.

ड्रमचं: ड्रम, पंप आणि घेणारं भांडं, तिन्ही एकमेकांना तारेने जोडा आणि मग जमिनीला. होजची तार तुटलेली असेल तर ती तार नसण्यापेक्षा वाईट, कारण मधला अधांतरी तुकडा चार्ज साठवतो आणि एका झटक्यात सोडतो. तेल स्वतः वाहक नसल्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरून निघणारी ठिणगी चार्जचा थोडाच भाग घेऊन येते. अधांतरी धातू मात्र होता नव्हता तेवढा सगळा एकदम देतो. म्हणूनच टँकर भरण्याआधी कप्प्यात बॅटरी दिवा लावून बघायचं: एखादं सुटलेलं झाकण, डबा, पान्हा तेलावर तरंगत किंवा लोंबकळत राहायला नको.

केव्ही_२२०

विषय थोडा वेगळा पण नातं सख्खं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल पंपाने फिरवतात, आत प्रेसबोर्डच्या अरुंद वाटांतून. तिथे कागद-पुठ्ठा ऋण होतो आणि तेल धन चार्ज घेऊन वर जातं. १९७० च्या दशकात जपानमध्ये मोठे ट्रान्सफॉर्मर यामुळे निकामी झाले, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. सर्व पंप चालू केले आणि ट्रान्सफॉर्मरला वीज दिलेलीच नाही, तरी आत डिस्चार्ज होऊ शकतो. आमच्या क्षेत्रातल्या नव्या मुलांचा यावर विश्वास बसत नाही. जपानमध्ये तेलात बेन्झोट्रायाझोल हे चार्ज कमी करणारं रसायन घालायची पद्धत यातूनच आली. बाकी उपाय म्हणजे वाटा रुंद करणं, तेलाचा वेग कमी ठेवणं, आणि सगळे पंप एकदम न लावणं.

ज्या कोरडेपणासाठी आम्ही जिवाचं रान करतो, तोच इथे आड येतो. तेल आणि पुठ्ठा जितका कोरडा, तितका चार्ज जास्त वेळ टिकतो.

दर्यावर्दी

जहाजावरचा माणूस आहे, त्यामुळे १९६९ सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या वर्षी डिसेंबरात तीन आठवड्यांच्या आत तीन प्रचंड तेलवाहू जहाजांत स्फोट झाले. १२ तारखेला 'मार्पेसा' पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याबाहेर, २९ ला 'मॅक्ट्रा' मोझांबिकच्या सामुद्रधुनीत, ३० ला 'काँग हाकोन सातवा' लायबेरियाजवळ. तिन्ही दोन लाख टनांवरची, जवळजवळ नवी कोरी. मार्पेसा बुडालं. तिन्ही ठिकाणी रिकाम्या टाक्या धुण्याचं काम चालू होतं, मोठ्या दाबाच्या समुद्राच्या पाण्याच्या फवाऱ्यांनी.

समुद्राचं पाणी उत्तम वाहक आणि टाकी लोखंडाची, मग चार्ज कसा? फवारा भिंतीवर आपटून फुटतो, बारीक तुषारांचं धुकं होतं, आणि त्या धुक्यातला प्रत्येक थेंब हवेत एकटा असतो. त्याला परत जायला वाट नाही. पाणी कितीही वाहक असो, अधांतरी थेंबाला त्याचा काय उपयोग? पूर्ण टाकी चार्ज झालेल्या धुक्याने भरते. त्यातून पाण्याचा मोठा गोळा खाली पडताना लोखंडाजवळ आला की ठिणगी, असा निष्कर्ष पुढच्या संशोधनातून पुढे आला. आज आम्ही टाक्यांत इनर्ट गॅस (ज्यात काही पेटू शकत नाही असा वायू) भरतो आणि ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवतो, त्याच्या मागे ही तीन जहाजं आहेत. चार्ज थांबवता येत नाही हे मान्य करून हवाच काढून घेतली.

तर्ककर्कश

सगळं पटतंय, पण मुळाशी एक प्रश्न उरतो. आयन चिकटतात, हे ठीक. पण टेफ्लॉनला काय चिकटणार? त्याला ना हायड्रॉक्सिल गट, ना काही. तरी पाण्याचा थेंब टेफ्लॉनवरून घरंगळला की चार्ज होतो हे तर मोजलेलं आहे.

मेधा_क

@तर्ककर्कश, नेमका इथेच वाद आहे आणि तो अजून चालू आहे. एक बाजू म्हणते, पाण्यातले हायड्रॉक्साइड आयन बसतात. दुसरी बाजू, यात झोंग लिन वांग यांचा गट आघाडीवर, म्हणते की पहिल्या स्पर्शात द्रवाच्या रेणूंकडून घन पृष्ठभागाकडे थेट इलेक्ट्रॉनही जातात आणि मग त्यावर आयनांचा थर चढतो. मला दुसरी मांडणी आकर्षक वाटते, पण आयनांचा वाटा किती आणि इलेक्ट्रॉनचा किती, हे पदार्थागणिक वेगळं निघतं, त्यामुळे सरसकट बाजू घ्यायची माझी तयारी नाही.

२०२५ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांचं काम आलं. टेफ्लॉनच्या पट्टीवरून पाणी पुढे सरकताना ते एखाद्या जागी अडतं, ताणलं जातं आणि मग झटक्याने सुटतं. त्या झटक्यात चार्ज वेगळा होतो, आणि पाणी परत मागे घेतलं तरी तो पूर्ण परत जात नाही. आजवर बहुतेकांचं लक्ष पृष्ठभाग कोरडा होताना काय होतं याकडे होतं. यांनी तो ओला होताना मोजला.

काकांच्या टँकरसाठी या वादाने काही बदलत नाही, हेही सांगते. चार्ज वेगळा कसाही झालेला असो, तेलातून परत जायला वेळ वाहकतेप्रमाणेच लागणार.

रानजाई

मनमाडकर काका, माझा भाऊ टँकर चालवतो, म्हणून मनापासून वाचलं. त्याला सांगण्यासाठी दोन गोष्टी विचारते. डिझेलला एवढा धोका नसतो असं तो म्हणतो, ते खरं का? आणि भरल्यावर डिप घ्यायला नेमकं किती थांबायचं? तुमच्या हिशोबाने तर १८ सेकंद, मग मोठ्या टाक्यांना अर्धा तास का सांगतात?

मनमाडकर

@रानजाई, भावाला हे जसंच्या तसं वाचून दाखवा.

डिझेलचं. आधीच्या फेरीला कप्प्यात पेट्रोल होतं आणि आता डिझेल भरताय, ही सगळ्यांत घातक वेळ. रिकाम्या कप्प्यात पेट्रोलची दाट वाफ असते. पेटायला पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के लागते. ही त्याच्या वर असते. डिझेल पडायला लागलं की ते ती वाफ शोषून घेतं, वाफ पातळ होते आणि पेटण्याच्या टप्प्यात उतरते. नेमक्या त्याच वेळी डिझेल चार्ज घेऊन येत असतं. पेट्रोलनंतर पेट्रोल भरताना जो धोका नसतो तो इथे तयार होतो.

शिवाय १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, गंधक ५० वरून १० पीपीएमवर. गंधक काढताना वाहकता देणारे घटकही निघून जातात. डिझेल स्वच्छ झालं आणि चार्ज जास्त वेळ धरून ठेवू लागलं. अ‍ॅडिटिव्ह घातलं असेल तरच वाहकता भरून निघते. आपल्याकडे डिझेलच्या फ्लॅश पॉइंटची किमान मर्यादा ३५ अंश आहे, युरोपात ५५. मे महिन्यात उन्हात उभ्या टँकरचा पत्रा किती तापतो हे भावाला सांगायला नको.

थांबण्याचं. १८ सेकंद हा वाहकता १ असतानाचा आकडा, आणि तेवढ्यातही एक तृतीयांशाहून जास्त चार्ज शिल्लक असतो. चांगल्यापैकी जायला त्याच्या चार-पाचपट वेळ द्यावा लागतो. मोठ्या टाकीत आणखी एक गोष्ट असते. तेलाबरोबर आलेले पाण्याचे थेंब आणि गाळ हळूहळू तळाला बसतात. बसता बसता तेही तेलापासून चार्ज वेगळा करत राहतात. पंप बंद असतो, प्रवाह थांबलेला असतो, तरी चार्ज होत असतो. म्हणून मोठ्या टाकीला ३० मिनिटं. टँकरला काही मिनिटं पुरतात, नेमकी किती ते डेपोच्या फलकावर असतात, त्यात कपात करायची नाही. टाकीला तळापर्यंत जाणारा धातूचा डिप पाइप असेल तर त्यातून लवकर डिप घेता येतं, कारण त्या नळीच्या आत मोठं विद्युतक्षेत्र तयार होत नाही. नमुना काढायला नायलॉनची दोरी नको, सुती घ्या.

उतरवतानाही हेच. पंपावर पोचल्यावर आधी क्लिप, मग होज. सुटताना आधी होज काढायचा, झाकणं लावायची आणि क्लिप सर्वांत शेवटी.

आणि कुणी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल मागितलं, तर गाडीच्या डिकीत किंवा पिकअपच्या हौद्यात ठेवून भरू नका. कॅन जमिनीवर ठेवायचा, नोझल त्याच्या तोंडाला टेकलेलं ठेवायचं आणि हळू सोडायचं. मंजूर केलेला कॅन नसेल तर भरायचंच नाही.

लोटेकर

काका, आज होजची तार मीटरने तपासली. चारपैकी एकीत जोडणी नाही. ती बाजूला काढून लाल टॅग लावला आहे. फिल्टरचं ड्रॉइंग उद्या मीटिंगला मांडतो, मधल्या पात्राचं मापही काढायचं आहे. आमचा प्रवाह तासाला ६ घनमीटर.

मनमाडकर

@लोटेकर, शाब्बास. तासाला ६ घनमीटर म्हणजे सेकंदाला १.६७ लिटर. ३० सेकंदांना ५० लिटर होतात, पण टोल्युइनसाठी मी १०० सेकंद धरा म्हणेन. १७० लिटरचं पात्र काढा, उभं ठेवा, खालून आत आणि वरून बाहेर, म्हणजे वर हवा अडकून राहणार नाही. आत टेफ्लॉनचं अस्तर नको, स्टेनलेस ठेवा. पात्राची अर्थिंग पट्टी बोल्टने लावली असेल तर वॉशरखालचा रंग खरवडायला सांगा.